शेजारच्या खाटेचा हिशोब

बाबांचं बायपास झालं त्या रात्री आम्ही आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये बसलो होतो. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, भिंतीकडेला पसरलेल्या चटया, डब्यांच्या पिशव्या. थोड्या थोड्या वेळाने स्पीकरवरून एखाद्या खाटेचा नंबर पुकारला जायचा आणि सगळ्या हॉलचा श्वास अडकायचा. आत्या माझ्या शेजारी होती. पदराखाली जपमाळ, ओठ हलताहेत, डोळे मात्र दाराकडे. रात्री दीडच्या सुमाराला चुलतभावाने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: अमेरिकेत 393 हृदयरोग्यांवर प्रयोग झाला, ज्यांच्यासाठी प्रार्थना केली ते लवकर बरे झाले, देव आहे हे आता विज्ञानानेही सिद्ध केलं आहे, सगळ्यांना पाठवा.

मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तो प्रयोग मला ठाऊक होता, त्याच्यानंतर काय घडलं तेही ठाऊक होतं. त्या रात्री मी काही लिहिलं नाही. भावाला धीर हवा होता आणि हाताशी आलेला धीर त्याने सगळ्यांना वाटला होता. पण 'विज्ञानानेही सिद्ध केलं आहे' हे वाक्य तेव्हापासून मला जागोजागी भेटतं. घंटेच्या नादाने जंतू मरतात हे सिद्ध झालं आहे. महास्फोटातून विश्व जन्मलं, म्हणजे निर्माता आहे हे सिद्ध झालं आहे. पेशीची रचना एवढी बारीक आहे की ती कुणीतरी केलेलीच असणार, हेही सिद्ध झालं आहे. शिकलेली, मनाने चांगली माणसं हे बोलतात. म्हणून माझं म्हणणं एकदा नीट मांडते. देवावरच्या श्रद्धेला विज्ञानाचा पुरावा मिळालेला नाही. आणि जो मिळाल्यासारखा वाटतो, तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला तर श्रद्धाळू माणसालाच नकोसा वाटेल असा आहे.

आधी ते 393 रोगी. प्रयोग खरा आहे. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या हृदयविभागात रँडॉल्फ बर्ड या डॉक्टरांनी तो केला आणि 1988 मध्ये प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे दोन गट पाडले. 192 जणांसाठी बाहेरच्या ख्रिस्ती भाविकांनी प्रार्थना केली, 201 जणांसाठी केली नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे रोग्यांना माहीत नव्हतं. मग बर्ड यांनी कितीतरी वेगवेगळ्या बाबी मोजल्या. त्यांतल्या थोड्या बाबींत, म्हणजे न्यूमोनिया, अँटिबायोटिक्सची गरज, श्वासासाठी नळी घालावी लागणं अशांत, प्रार्थनेचा गट सरस निघाला. मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. हॉस्पिटलात किती दिवस काढावे लागले, त्यातही नव्हता.

वर्गात मी दरवर्षी मुलांना नाणी उडवायला लावायची. साठ जणांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवलं की तिघाचौघांना तरी आठ किंवा जास्त वेळा छापा पडायचा. ती मुलं हरखून जायची. त्यांच्या बोटांत काही नसायचं, आम्ही साठ हात पाहिलेले असायचे एवढंच. खूप बाबी मोजल्या की काहींत फरक दिसणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती एखाद्या झाडावर, आणि आपण गोष्ट त्याच झाडाची सांगतो.

हे नीट तपासायचं तर मोठा प्रयोग हवा होता, आणि तो झालाही. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांच्या पुढाकाराने सहा हॉस्पिटलांतल्या 1,802 बायपास रोग्यांना त्यात घेतलं. पैसा मुख्यतः टेम्पल्टन फाउंडेशनचा होता. धर्म आणि विज्ञान यांच्यात संवाद व्हावा म्हणून पैसा देणारी ही संस्था, तेव्हा प्रयोगाचा पोशिंदा श्रद्धेचा वैरी होता असं कुणाला म्हणता येणार नाही. तीन गट केले. पहिल्या दोघांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांतल्या एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, आणि ती झाली. तीन ख्रिस्ती प्रार्थनामंडळांना रोग्याचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं जाई. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना चाले. काय मोजायचं हे आधीच पक्कं ठरलेलं होतं: तीस दिवसांत काही गुंतागुंत झाली की नाही.

निकाल 2006 मध्ये आला. नकळत प्रार्थना लाभलेल्यांत 52 टक्के जणांना गुंतागुंत झाली, प्रार्थना न लाभलेल्यांत 51 टक्के जणांना. आणि ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे माहीत होतं त्यांच्यात 59 टक्के. माझ्यासाठी अनोळखी माणसं देवाला साकडं घालताहेत म्हणजे मी एवढा गंभीर आहे का, या काळजीनेही असं झालं असेल. किंवा तीही योगायोगाची फांदी असेल. नाण्यांचा नियम मी बर्ड यांना लावला तर इथेही लावला पाहिजे, म्हणून प्रार्थनेने अपाय होतो असं मी म्हणणार नाही.

या प्रयोगालाही मर्यादा आहेत, आणि संख्याशास्त्राच्या माणसाने त्या सांगितल्याच पाहिजेत. रोग्याच्या घरच्यांची प्रार्थना कोण थांबवणार? आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये बसलेल्या आत्यांना जप थांबवायला सांगून नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठीचा प्रार्थनेविना गट, तयार करता येत नाही. म्हणजे प्रार्थनेचा अंशही न लाभलेला गट मिळतच नाही. तपासलं गेलं ते इतकंच, की अनोळखी भाविकांनी ठरलेल्या वेळी केलेल्या जादा प्रार्थनेने तीस दिवसांतली गुंतागुंत कमी होते का. होत नाही, असं दिसलं. एवढ्यावरून 'देव नाही हे सिद्ध झालं' म्हणून नाचणारेही मी पाहिले, तेही घाईच करत होते.

पण श्रद्धाळूंकडून जे उत्तर आलं त्याने मला जास्त विचारात पाडलं. देवाची परीक्षा घ्यायची नसते, असं ते म्हणाले. मला हे उत्तर मान्य आहे. फक्त ते बर्ड यांच्या 1988 च्या प्रयोगालाही लागू करायला हवं. छापा पडला तर मी जिंकले, काटा पडला तर खेळ धरायचा नाही, असं म्हणून नाणं उडवता येत नाही. पुरावा हा शब्द उच्चारला की त्याच्याबरोबर एक अट येते: निकाल उलटा लागला तर मी माझं म्हणणं सोडेन, हे आधी कबूल करायचं. देवाला विज्ञानाच्या दारात नेणाऱ्या एकाही माणसाने माझ्यासमोर ही अट कबूल केलेली नाही. त्यात वावगंही काही नाही, कारण श्रद्धा अशी निकालावर टांगलेली नसते. पण मग तिला पुरावा म्हणू नये.

अट पाळून परीक्षा कशी घेतात याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. 2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने, फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार म्हणून निवडलेली शंभर मुलं आणि मतिमंद असलेली शंभर मुलं, अशा दोनशे कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कुठली कुंडली कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 51 ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, 27 जणांनी उत्तरं धाडली. बरोबर उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. प्रश्न स्पष्ट होता, उत्तर आधीच पाकिटात बंद होतं, आणि हरायची तयारी दोन्ही बाजूंना ठेवावी लागणार होती. देवाबद्दलचा असा प्रश्न कुणी तयार करून दाखवला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

तसा प्रश्न एकदा आपसूक समोर आला होता. 21 सप्टेंबर 1995. देशभर गणपती दूध पीत होते. आमच्या देवघरातल्या पितळी गणपतीच्या सोंडेलाही चमचा लावला आणि दूध खरंच कमी होत गेलं. मी चमच्यात चिमूटभर कुंकू कालवलं. मग दिसलं: लालसर दुधाची कागदासारखी पातळ धार सोंडेवरून पोटावर, पोटावरून तबकात उतरत होती. पांढऱ्या दुधाची तीच धार झळाळत्या पितळेवर डोळ्याला दिसत नव्हती. दिल्लीतल्या वैज्ञानिकांनीही रंगीत दूध वापरूनच पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीचा, हा खेळ दाखवला. सासूबाईंनी तबक पाहिलं, गणपती पुसून घेतला आणि संध्याकाळी नेहमीसारखी आरती केली. त्यांचा देव चमच्यावर अवलंबून नव्हता.

आता त्या हॉलकडे परत येते. आमच्यासमोर सोलापूरकडची एक बाई बसलेली असायची. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर लाल फडक्यात बांधलेली पोथी. तिचा मुलगा बाबांच्या शेजारच्या खाटेवर होता, चाळिशीही न गाठलेला. आत्या आणि ती डबा वाटून खायच्या. तिसऱ्या रात्री बाबांच्या हृदयाची लय बिघडली. बायपासनंतर ही तक्रार पुष्कळांना होते. औषधांनी लय जागेवर आली. त्याच पहाटे शेजारच्या खाटेचा नंबर पुकारला गेला. मुलगा गेला होता.

आमच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला: देवानेच तारलं. मी तो वाचला तेव्हा ती बाई माझ्यापासून चार खुर्च्यांवर होती.

श्रद्धेचा पुरावा मागणाऱ्यांना मला इथे थांबवायचं आहे. समजा 2006 चा निकाल उलटा लागला असता. समजा प्रार्थनेने गुंतागुंत दहा टक्क्यांनी कमी होते असं खरोखर सिद्ध झालं असतं. मग त्या बाईला काय सांगायचं? तुझी पोथी कमी पडली? प्रार्थनेच्या यादीत नाव असलेला रोगी वाचतो आणि ज्याच्या आईला यादीत नाव घालता आलं नाही तो मरतो, अशा देवाला आपण काय म्हणू? औषधाचा पुरावा मिळाला की डोस ठरतो, आणि डोस ठरला की बरं न झालेल्याने तो कमी घेतला असाच अर्थ निघतो. 'देवाने तारलं' हे वाक्य कृतज्ञता म्हणून उच्चारलं तर मी हात जोडते. पण पुरावा म्हणून मांडलं तर हिशोबात शेजारची खाटही घ्यावी लागते. ती न घेता जमेची बाजू तेवढी वाचून दाखवणं याला माझ्या विषयात चूक म्हणतात. माझ्या मते ते निर्दयही आहे.

कुणी म्हणेल, आयसीयू सोडा, हे अवघं विश्व बघा. हा युक्तिवाद जुना आहे आणि आपल्याकडे तो फार ताकदीने लढला गेलेला आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणत, घडा दिसला की कुंभार होता हे कळतं. पृथ्वी, डोंगर हीसुद्धा घडलेलीच कार्यं आहेत, तेव्हा त्यांचाही कर्ता असला पाहिजे. सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने यावर वारूळ पुढे केलं. वारूळही मातीचंच, त्यालाही आकार असतो. मग तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? घड्याला कुंभार लागतो हे आपण कुंभाराला घडा करताना पाहिलेलं असतं म्हणून ठाऊक असतं. डोंगर करताना आपण कुणाला पाहिलं आहे? दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी अख्खा ग्रंथ लिहिला तरी वाद मिटला नाही. सांख्य दर्शनाच्या विचारवंतांनी प्रमाणाअभावी ईश्वर सिद्ध होत नाही असं सरळ सांगितलं. वेद शिरोधार्य मानणाऱ्या मीमांसकांनाही जगाचा निर्माता मान्य नव्हता. आज देवाबद्दल शंका काढणाऱ्याला 'हे पाश्चात्त्यांचं खूळ' म्हणणाऱ्यांना हा इतिहास कुणी शिकवलेला नसावा.

वारुळाच्या दृष्टान्तात धर्मकीर्तीला वाटलं असेल त्याहूनही जास्त दम आहे. वाळवीत मुकादम नसतो. कुठल्याही किड्याच्या डोक्यात वारुळाचा नकाशा नसतो, तरी हवा खेळेल अशा वाटा आत तयार होतात. डार्विनने 1859 मध्ये सजीवांच्या रचनेबद्दल जे मांडलं ते याच जातीचं होतं: थोडे थोडे बदल, त्यांतली निवड, आणि पुष्कळ काळ. पेशीच्या गुंतागुंतीवरून कर्त्याकडे उडी मारणाऱ्याला आधी हे वारूळ ओलांडावं लागतं.

महास्फोटाची गोष्ट तर मला फार प्रिय आहे. विश्व प्रसरण पावतंय हे समीकरणांतून 1927 मध्ये मांडणारे आणि 1931 मध्ये त्याची सुरुवात एका आद्य अणूपासून झाली असं सुचवणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. गळ्यात पाद्र्याची पांढरी कॉलर, फळ्यावर आइन्स्टाइनची समीकरणं. 22 नोव्हेंबर 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं आणि विश्वाला आरंभ आहे हा शोध म्हणजे निर्मात्याच्या बाजूची साक्ष आहे अशा अर्थाची मांडणी केली. यावर सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्रच. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख डॅनियल ओ'कॉनेल यांच्यासोबत त्यांनी पोपपर्यंत आपलं म्हणणं पोचवलं, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा काढला नाही. लमेत्र रोज प्रार्थना करणारे होते. माझा सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांबाहेरचा आहे, तो आस्तिकालाही खुला आहे आणि नास्तिकालाही, अशी त्यांची धारणा होती.

त्यांची भीती रास्त होती. सिद्धान्त उद्या बदलू शकतो. ग्रहांच्या कक्षा हळूहळू विस्कटतील आणि देवाला त्या अधूनमधून सावराव्या लागतील, असं न्यूटनसारख्याला वाटलं होतं. पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने गणित करून त्या विस्कटण्याचा बराचसा भाग निकालात काढला. देवाला तिथे काम उरलं नाही. जिथे आपल्याला कळत नाही तिथे देव बसवला, तर कळत जाईल तसतसं त्याला उठावं लागतं. त्याला ही वागणूक नास्तिक देत नाहीत, त्याचे वकीलच देतात.

एक युक्तिवाद मात्र मी हलक्यात घेत नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, म्हणजे नारळीकरांचे गुरू आणि महास्फोटाचे कडवे विरोधक, यांनी 1953 मध्ये असं भाकीत केलं की कार्बनच्या अणुकेंद्राची एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांच्या पोटात एवढा कार्बन तयार होणार नाही आणि आपणही असणार नाही. प्रयोगशाळेत पाहिलं तर ती खरंच सापडली. ती पातळी किंचित इकडेतिकडे असती तर गणित फार बदललं असतं. एके काळी निरीश्वरवादी असलेले हॉयल पुढे म्हणाले की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातल्यासारखं वाटतं. हे वाचून अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण संभाव्यता शिकवताना पहिल्या तासाला सांगावं लागतं की 'किती दुर्मिळ' या प्रश्नाचं उत्तर 'कशातून निवडलं' हे कळल्याशिवाय देता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एक असतं आणि त्यात अशी हजारो शितं सारखीच शिजलेली असतात. इथे आपल्या हातात एकच शीत आहे. पातेलं आहे की नाही, त्यात दुसरं काही शिजू शकलं असतं की नाही, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही. आणि समजा त्या महाबुद्धीपर्यंत पोचलोच, तरी तिथून पंढरपूर कुठे? कार्बनची ऊर्जापातळी ठरवणारी ती बुद्धी कुणाच्या हाकेला धावेल, कुणाच्या घरी दळण दळेल, हे समीकरणांतून निघत नाही. वारीत चालणारा माणूस ज्याला भेटायला जातो तो हा नव्हे.

हा वाद फक्त वैयक्तिक नाही म्हणून मी एवढं लिहिते आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे घटनेच्या अनुच्छेद 51-क ने आपलं कर्तव्य ठरवलं आहे. 'विज्ञानाने सिद्ध केलं' हे शब्द खोटेपणाने वापरले जातात तेव्हा त्यांचा धाक मंत्रतंत्र विकणाऱ्याच्याही कामी येतो, आणि त्याच्या दारात उभा असतो तो एखाद्या खाटेवरच्या रोग्याचा बाप. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, शोषणाच्या विरोधात आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांनी पाठपुरावा केलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. पूजा करू नका, वारीला जाऊ नका असं त्या कायद्यात कुठेही नाही.

बाबा अकराव्या दिवशी घरी आले. महिन्याभराने मी आत्याला विचारलं, "दादा वाचला तो तुझ्या जपामुळे असं वाटतं का गं तुला?"

ती भाजी निवडत होती. "त्या पोराची आई काय कमी करत होती?" ती म्हणाली. "मला तिथं नुसतं बसवेना. हाताला काहीतरी हवं होतं, मनालाही. म्हणून करत होते."

त्या पहाटे नंबर पुकारला गेला तेव्हा मी बाबांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेले होते. वर आले तर आत्या खुर्चीवर नव्हती. बिलाच्या खिडकीपाशी त्या बाईच्या शेजारी उभी होती. बाईला कागदावर सही करायची होती आणि हात थरथरत होता, म्हणून लाल फडक्यातली पोथी आत्याने आपल्या छातीशी धरली होती. गाडी येईपर्यंत, सकाळचे साडेआठ वाजेपर्यंत, ती तशीच उभी राहिली. त्या दिवशी तिची जपमाळ पिशवीतच होती.